उंटाच्या पायाची दोन बोटं

हाडांच्या खोलीत अडतीस वर्षं काढलेल्या बाईला लोक काय म्हणणार? हाडंबाई. तोंडावर 'बाई' आणि पाठ फिरली की 'हाडंबाई'. तिला ते चांगलं ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटतही नसे. नवीन माणूस दारात घुटमळत उभा राहिला की तीच आतून ओरडायची, "या की आत! हाडं चावत नाहीत, चावते ती मी."

खोली संग्रहालयाच्या तळघरात होती. खिडकी एकच, तीही पार छताला लागून, आणि तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांची नुसती पावलं दिसायची. भिंतीकडेनं लोखंडी कपाटं, कपाटांत खोके, खोक्यांत हाडं. बैलांची, शेळ्यांची, गाढवांची, कुत्र्यांची. प्रत्येक हाडावर काळ्या शाईनं बारीक आकडा: टेकाड कुठलं, खड्डा कुठला, थर कितवा. बाईचा कायदा एकच, ज्याचं त्याच्यापाशी. टेबलावर एखादं हाड नुसतंच पडलेलं दिसलं की तिच्या हातांना चैन पडायचं नाही. हातातला चहा तसाच ठेवून उठायची, आकडा वाचायची, ते हाड त्याच्या खोक्यात नेऊन ठेवायची, मग कुठे तिचा जीव भांड्यात पडायचा. खोड लहानपणापासूनची. आई म्हणायची, "या पोरीसमोर चष्मा काढून ठेवायची सोय नाही, लगेच उचलून कपाटात!" सगळे हसायचे. ही खोड तेवढी ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळा घात तिनंच केला.

या एवढ्या खोलीत एकच डबा असा होता, ज्याची किल्ली तिच्याकडे नव्हती. वहीएवढा पत्र्याचा डबा, नवव्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर. किल्ली तिच्या दादाकडे. दादा म्हणजे सख्खा मोठा भाऊ, तिच्याहून बारा वर्षांनी मोठा, आणि त्या डब्यात काय आहे हे सगळ्या खात्याला पाठ होतं: एका उंटाच्या पायाच्या बोटांची दोन हाडं.

दादानं अडतीस वर्षांपूर्वी एक टेकाड खणलं होतं. उजाड माळावरचं, जवळ पाणी नाही, झाड नाही. पिण्याचं पाणीसुद्धा तीन कोसांवरून उंटाच्या पाठीवर यायचं. टेकाडाच्या खालच्या थरात, विटांच्या पडक्या भिंतीपाशी, ती दोन हाडं निघाली. त्या काळी बहुतेक जाणकार सांगायचे की त्या मुलखात उंट माणसाच्या दावणीला आला तो तीन हजार वर्षांपूर्वी. दादा म्हणाला, अजून हजार वर्षं मागे जा.

आता उंटाचं हाड मिळालं म्हणजे उंट पाळलेला होता, असं काही होत नाही. रानातला उंट मारून खाल्ला तरी हाड मागे राहणारच. तो जेवणाचा पुरावा झाला, दावणीचा नव्हे. पाळल्याचा पुरावा हवा तर त्या हाडानं माणसाची चाकरी केल्याची खूण दाखवायला हवी. ती खूण या दोन हाडांवर होती. सांध्याच्या कडेला हाड वाढून बाहेर आलेलं, हमालाच्या खांद्यावर घट्टा पडतो ना, तसं. वर्षानुवर्षं ओझं वाहिल्याशिवाय असं होत नाही. आणि ही खूण पहिल्यांदा दिसली ती दादाला नव्हे, तर बावीस वर्षांच्या, नुकत्याच हाताखाली आलेल्या त्याच्या बहिणीला. हाड उन्हात फिरवून बघत ती म्हणाली होती, "दादा, हा उंट हमाल होता रे!"

दादानं तिला खांद्याला धरून जागच्या जागी गरगर फिरवलं होतं. भर उन्हात, सगळ्या मजुरांसमोर.

पुढे परिषदेत दादानं ती हाडं दाखवली आणि टोपीवाले प्राध्यापक उभे राहिले. हा गृहस्थ घरातसुद्धा टोपी काढत नसे म्हणतात. ते म्हणाले, "थरातल्या कोळशाची तारीख चार हजार वर्षांची आलीय, ठीक. पण ती कोळशाची तारीख झाली. वरचं हाड घुशीनं खाली नेलं नसेल कशावरून? हाडाचीच तारीख काढून आणा, मग बोलू." दादा म्हणाला, "आणतो." आणि त्यानं ती कधीच आणली नाही.

एक वर्ष गेलं, पाच गेली, वीस गेली. "अजून पद्धत सुधारू दे," म्हणायचा. "अजून थोडं थांबू." टोपीवाल्यांना आयतंच कोलीत मिळालं. त्यांनी दादाला नाव ठेवलं, उंटावरचा शहाणा. ते नाव इतकं चिकटलं की नवीन मुलांना दादाचं खरं नाव सांगितलं तर ती म्हणायची, "कोण? अच्छा, उंटावरचे शहाणे!" बढती हुकली. दुसरं टेकाड कधी खणायला मिळालं नाही. आणि बाई? बाई त्याच्यावर चिडायची. सणकून चिडायची. "तू घाबरतोस," असं तोंडावर सुनवायची. "भित्रट आहेस. माझं निदान चुकलं असेल असं वाटतं ना तुला? स्पष्ट बोल की!" दादा हसायचा आणि विषय बदलायचा.

आता दादा अंथरुणाला खिळला होता. डॉक्टरांनी वहिनीला बाहेर बोलावून सांगितलं की आता महिने मोजू नका, आठवडे मोजा. बाईसुद्धा पुढच्या महिनाअखेरीला निवृत्त होणार होती. तिनं ठरवलं. दादाच्या डोळ्यांदेखत हे नाव धुऊन निघालं पाहिजे. लोकांनी त्याच्या अंथरुणापाशी येऊन म्हटलं पाहिजे की तुमचं बरोबर होतं. तेवढंच हवं होतं तिला, बाकी काही नको.

वहिनीनं दादा झोपलेला असताना त्याच्या उशीखालून किल्ली काढून दिली. "ने बाई," ती म्हणाली, "माझ्यापेक्षा जास्त जपलंय मेलं ते हाड!" आणि लगेच पदर डोळ्यांना लावला.

बाईनं सगळं अगदी नियमाबरहुकूम केलं. प्रयोगशाळेची सूचना होती की हाडांना उघडा हात लावू नये, माणसाच्या हाताचा घाम, तेल, काहीही लागता कामा नये. तिनं हातमोजे घातले, डबा उघडला, कापसातली हाडं चिमट्यानं उचलून चांदीच्या कागदात गुंडाळली. फॉर्मवर एक रकाना होता: हाड टिकवण्यासाठी सरस किंवा दुसरं काही लावलं होतं का? त्या काळी खणलेली ठिसूळ हाडं सर्रास गरम सरसात बुडवायचे, म्हणजे ती भुसभुशीत होऊन पडत नसत. तिनं दादाची त्या वेळची वही काढली. पान सापडलं. दादाचं ठसठशीत अक्षर: 'उंटाची दोन बोटं. सरस लावलेला नाही. लावू नये.' खाली दोनदा रेघ. तिनं रकान्यात लिहिलं, 'नाही.'

शेवटचा कागद साहेबांपुढे नेला. साहेब तिच्याहून वीस वर्षांनी लहान, तिच्याच हाताखाली हाडं ओळखायला शिकलेला. "बाई, यावर सही करण्याआधी वाचा," तो म्हणाला. "निकाल जो येईल तो जाहीर यादीत लागणार. मागे घेता येत नाही."

"मागे कशाला घेतेय मी?" ती म्हणाली. "मोठ्या अक्षरांत लावा!"

घरी परतताना तिनं दादाकडे डोकावून किल्ली ठेवून दिली. त्यानंतर तीन आठवडे तिचा जीव टांगणीला लागला होता. पण ती टांगणीसुद्धा गोड होती. बसमधून जाताना ती मनातल्या मनात दादाला निकाल वाचून दाखवायची. टोपीवाल्यांची टोपी कशी घसरेल याची कल्पना करून एकटीच हसायची.

मंगळवारी पाकीट आलं. सोबत हाडांची पेटी परत. तिनं पाकीट उभ्या उभ्याच फोडलं. आकडा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

दोन्ही हाडं सुमारे अडतीस ते चाळीस वर्षांपूर्वीची.

चार हजार नव्हे, तीन हजार नव्हे. अडतीस.

तिनं प्रयोगशाळेचा नंबर शोधला. फोन लावला, तर पलीकडून कुणी मुलगी बोलली. आवाज कोवळा पण कामाचा.

"मॅडम, हाडं ताजीच आहेत. शंकाच नाही."

"अहो, ताजी कशी असतील? दगडासारखी जड आहेत ती! माझ्या डोळ्यांसमोर निघालीयत जमिनीतून!"

"मग सरस लावला असेल."

"नाही लावला. लिहिलंय मी."

"बघा मॅडम," मुलगी म्हणाली, "इतक्या उष्ण भागात चार हजार वर्षांत हाडातला मूळ अंश सगळा निघून जातो, जवळजवळ शिल्लकच राहत नाही. त्यात सरस मुरला की आम्हाला मिळतो तो फक्त सरस. आणि सरस म्हणजे तरी काय? जनावरांची हाडं-कातडी उकळूनच करतात ना? आम्ही हाडातलं जे शोधतो तेच सरसात असतं. वेगळं काढताच येत नाही. दुसरं काही लावलं असतं तर धुऊन काढलं असतं. सरस असेल तर आम्ही मोजलं ते तुमच्या उंटाचं वय नव्हे. ज्या बैलाचा सरस केला त्याचं वय."

"आणि पुन्हा तपासलं तर?"

"पुन्हा तेच येईल. कितीदाही करा."

बाईनं फोन ठेवला. पेटी उघडली. आता हातमोजे कशाला हवेत? तिनं एक हाड नुसत्या बोटांनी उचललं आणि जिभेला लावलं.

हे बाहेरच्या माणसाला किळसवाणं वाटेल, पण हाडं खणणाऱ्यांची ही रोजची रीत आहे. जुन्या हाडाला बारीक बारीक छिद्रं असतात, ते जिभेला लावलं की चिकटतं, ओढून काढावं लागतं. सरस लावलेलं हाड चिकटत नाही, छिद्रं बुजलेली असतात. बाईनं आयुष्यात हजारो हाडं अशी जिभेला लावली होती. नवव्या कपाटातली ही दोन मात्र कधीच नाही. दादा हात लावू देत नसे.

हाड जिभेवरून घसरलं. तिनं दुसरं लावलं. तेही घसरलं. आणि जिभेवर चव राहिली, हलकीशी, ओळखीची. उकळलेल्या कातड्याची.

ती स्टुलावर बसली आणि तिला तो दिवस आठवला. म्हणजे विसरली नव्हतीच, पण त्या दिवसाकडे तिनं कधी असं बघितलंच नव्हतं.

आदल्या संध्याकाळी दादाच्या टेबलावर ती दोन हाडं कापसात उघडी पडली होती. दादा खड्ड्याकडे गेलेला. टेबलावर चहाचा पेला, कंदील, मोजायची पट्टी, आणि मध्ये हाडं. तिच्यानं राहवेना. तिनं ती उचलली आणि त्यांच्या थराच्या जाळीच्या ट्रेमध्ये, बाकीच्या भावंडांपाशी, नेऊन ठेवली. ज्याचं त्याच्यापाशी. ट्रे तिनं मागच्या रांगेत सरकवला होता, चित्रं काढायच्या रांगेत. पण सरस लावणाऱ्या माणसाला ट्रे म्हणजे ट्रे. सकाळी कढई तापली की तो दिसेल तो ट्रे बुडवायचा. आणि नेमक्या त्याच सकाळी पाण्याचा उंट वाटेत पडून मेला. सगळी छावणी तिकडे धावली, तीही धावली. दुपारी परतली तेव्हा ट्रे उन्हात वाळून वर धुळीचा थर बसलेला. दादानं विचारलं, "माझी बोटं कुठायत?" तिनं ऐटीत काढून दिली. "जागेवर ठेवली होती! तू कुठेही टाकतोस."

दादानं एक हाड जिभेला लावलं.

मग दुसरं लावलं. मग बराच वेळ ती दोन्ही हातात धरून बसला. तिला वाटलं होतं, उन्हानं थकला असेल. मग उठला, पत्र्याचा डबा घेतला, स्वतःच्या हातानं कापूस घातला आणि कुलूप लावलं. एका शब्दानं काही बोलला नाही.

म्हणजे त्याला माहीत होतं! अडतीस वर्षं माहीत होतं. आणि ती त्याला भित्रट म्हणत होती.

दाराशी पावलं वाजली. साहेब होता. चेहरा पडलेला. "बाई, यादी लागली," तो म्हणाला. "आणि टोपीवाल्यांचा फोन येऊन गेला."

"काय म्हणाले?"

"जाऊ दे ना बाई."

"बोल. मी काही विरघळत नाही."

साहेब खाली बघत म्हणाला, "म्हणाले, शहाणे ज्या उंटावरून आले, तोच उंट त्यांनी खणून काढला."

पुढचं त्याला सांगायची गरजच नव्हती. चौथ्या कपाटात त्या पाण्याच्या उंटाचा जवळजवळ अख्खा सांगाडा होता. मेल्यावर त्याला माळावर पुरलं आणि पुढच्या वर्षी उकरून हाडं धुऊन आणली होती, विद्यार्थ्यांना ओळखायला शिकवण्यासाठी नमुना म्हणून. तिनंच आणली होती. पायाच्या बोटांचं वरचं मोठं हाड एका पायात दोन, चार पायांत आठ. त्यांच्या ट्रेमध्ये सहाच होती. एक पाय पुरण्याआधीच कुत्र्यांनी ओढून नेला होता. तेव्हा तिनंच यादीत प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं: दोन कमी. आता या दोन हाडांचं वय नेमकं त्या उंटाच्या मरणाच्या साली येत होतं. जगातला कुठलाही शहाणा माणूस हा हिशेब एकाच तऱ्हेनं सोडवणार. खरं तर ती परकी असती तर तिनंही तसाच सोडवला असता.

"दुसरी हाडं नाहीत का त्या थरातली?" साहेबानं विचारलं.

"आहेत. सगळी सरसातली."

"आणि टेकाड?"

"टेकाडाची माती खणून रस्त्याखाली घातली. तू शाळेतही जात नव्हतास तेव्हा."

साहेबानं पाण्याचा पेला भरून तिच्यापुढे ठेवला आणि पाय न वाजवता निघून गेला.

दुपारी ती दादाकडे गेली. दोन्ही हाडं रुमालात बांधून पिशवीत घेतली होती. का घेतली, ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. वाटेत तिनं चार वेळा ठरवलं की खोटं बोलायचं. सांगायचं, दादा, चार हजार आले, तू जिंकलास. कोण येणार होतं त्याला जाहीर यादी दाखवायला? आठवड्यांचाच तर प्रश्न होता. दार उघडताना वहिनीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता बाजूला झाली.

खोलीत औषधांचा वास होता. दादाचा देह एवढासा झाला होता, पण डोळे होते तसेच. "चिमे," तो म्हणाला. साठीच्या बाईला चिमी म्हणणारा जगात आता हा एकटाच उरला होता. "निकाल आला ना?"

ती दारातच थांबली. "तुला कुणी सांगितलं?"

"किल्ली मी उशीखाली ठेवतो," दादा म्हणाला. "तीन आठवड्यांपूर्वी उठलो, तर चष्म्याच्या डबीत. नीट रुमालाच्या घडीवर. या घरात इतकं नेटकं दुसरं कोण आहे?" आणि तो हसला. हसता हसता खोकला आला, तिनं पाठीला हात लावून धरलं. पाठीचे मणके एकेक मोजता आले असते.

"तेव्हाच का नाही बोललास?"

"तोवर पाठवली होतीस ना तू? मग कशाला उगाच तुझे तीन आठवडे नासवायचे?"

खोटं बोलायचा बेत तिथेच बारगळला. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली. "दादा, मीच रे! मीच ठेवली होती ट्रेमध्ये. माझ्या हातांनी."

"माहितीय."

"मग माझ्या थोबाडीत का नाही मारलीस? निदान बोलायचंस तरी!"

"कुणाला बोलू? खात्याचे तेव्हाचे मोठे साहेब आधीच म्हणत होते, घरच्यांची भरती करता. तुझ्या नोकरीची मुलाखत महिन्यावर आली होती. अख्ख्या टेकाडावरची सगळ्यात मोलाची दोन हाडं बहिणीनं घालवली म्हटल्यावर तुला खात्याच्या दारात तरी उभी केली असती? म्हटलं, राहू दे. आज ना उद्या अशी पद्धत निघेल की सरस वेगळा काढता येईल. तोवर थांबू."

"आणि मी तुला भित्रट म्हणत राहिले."

"होतोच की थोडा," दादा म्हणाला.

तिनं डोळे पुसले. आवाज घट्ट केला. "मी लिहिते सगळं. आज लिहिते. सरस माझ्या चुकीनं लागला, दादाचा काही दोष नाही. माझ्या सहीनं देते."

दादानं मान हलवली. बराच वेळ दम गोळा केला. "वहीत काय लिहिलंय? सरस लावलेला नाही. माझं अक्षर आहे. तू लिहिलंस की ते विचारणार, मग त्यानं वही दुरुस्त का नाही केली? त्याला कळलं होतं का? आणि कळलं होतं, चिमे. कळून अडतीस वर्षं गप्प बसलो. आता मला मूर्ख म्हणतात, म्हणू देत. मूर्ख म्हणून जायला माझी हरकत नाही. लबाड म्हणून जायचं नाही मला."

"पण ते खोटं आहे! तू मूर्ख नव्हतास! तो उंट हमाल होता रे दादा, मी बघितलाय, तू बघितलायस!"

"हो. आपण दोघांनी बघितलाय," तो म्हणाला. "माझ्यानंतर तू एकटी."

इतकी वर्षं जे द्यायला ती धडपडत होती, ते घेणारा समोर पडला होता आणि तिचे हात रिकामे होते. एवढंच नाही, तर तिनं गप्प बसावं हीच आता त्याची एकुलती एक मागणी होती. गप्प बसायचं, लोक त्याला हसणार, आणि आपण ऐकून घ्यायचं.

"आणलीस का बरोबर?" दादानं विचारलं.

तिनं रुमाल सोडला. दादानं एक हाड घेतलं, जिभेला लावलं, डोळे मिटले. हाड घसरून उशीवर पडलं.

"वा," तो म्हणाला. "अजून पक्कं आहे."

त्यानंतर अकराव्या दिवशी दादा गेला. शोकसभेला पुष्कळ लोक आले, टोपीवालेही आले, आणि खरं सांगायचं तर त्यांचे डोळे ओले होते. माणूस दुष्ट नव्हता. त्यांनी दादाच्या कष्टांचं कौतुक केलं, त्याच्या जिद्दीचं केलं, आणि शेवटी वातावरण हलकं व्हावं म्हणून उंटाचा किस्सा सांगितला. लोक हसले. मायेनं हसले, आपल्या माणसाला हसतात तसे. पहिल्या रांगेत वहिनीसुद्धा कसनुसं हसली, कारण तिला वाटलं की हसायला हवं. बाई हाताची घडी घालून बसून राहिली. तिनं तोंडातून ब्र काढला नाही.

महिनाअखेरीला तिचा शेवटचा दिवस होता. साहेबानं ओशाळलेल्या चेहऱ्यानं एक कागद पुढे केला. वरून आदेश आला होता: नवव्या कपाटातली उंटाची दोन हाडं अर्वाचीन ठरल्यामुळे प्राचीन संग्रहातून काढून नमुन्याच्या सांगाड्यात जमा करावीत. "उद्या माझ्या हातानं करतो बाई," तो म्हणाला. "तुम्ही नका करू."

"माझ्या खोलीतलं काम आहे," ती म्हणाली. "मीच करणार."

तिनं चौथ्या कपाटातून ट्रे काढला. सहा हाडं आपापल्या खाचेत बसलेली, दोन खाचा रिकाम्या. तिनं दादाच्या हाडांवरचे जुने आकडे ब्लेडनं खरवडले, नवे घातले. मग ती खाचांत ठेवून बघितली. बसली नाहीत. सांध्याच्या कडेचं ते वाढलेलं हाड अडत होतं. पाण्याचा उंट तरुण होता, त्याच्या पायाला असलं काही झालेलं नव्हतं. हे दाखवायला तिनं साहेबाला हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. दाखवलं असतं तर पुढचा प्रश्न सरसाचाच आला असता, आणि मग दादाच्या वहीचा. तिनं कानस घेतली, खाचांच्या कडा थोड्या घासल्या, तेव्हा हाडं आत बसली.

यादीत 'दोन कमी' असं तिच्याच तेविसाव्या वर्षीच्या अक्षरात लिहिलं होतं. त्यावर तिनं रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'आठ. पूर्ण.' मग ट्रे जागेवर ठेवला, कपाट लावलं आणि किल्ल्या साहेबाच्या हातात दिल्या.